गालिचा धुताना मी खाल्लेली माती (आणि शेवटी तो कसा धुतला)

(एपिसोडचा मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, मधले 'अं' आणि 'म्हणजे ना' थोडे कमी केलेत.)



आजचा विषय ऐकून काही जण पुढचा एपिसोड लावतील, मला माहितीये. विषय आहे गालिचा. घरातला गालिचा, कार्पेट, रग, तुमच्याकडे जे काही म्हणत असतील ते, घरच्या घरी मुळापासून स्वच्छ कसं करायचं. वरवर व्हॅक्युम मारणं नाही. मुळापासून.

आता मी सॉफ्टवेअरवाली. दिवसभर स्क्रीनसमोर. मला गालिच्यातलं काय कळतंय? काहीच कळत नव्हतं, आणि त्याची किंमत मी मोजलीये. म्हणूनच सांगतेय.

आधी पार्श्वभूमी. आमच्या घरात एक गालिचा आहे, आजोबांनी आणलेला. आजोबा रेल्वेत होते, काही वर्षं त्यांची बदली अलाहाबादला होती. तिथून भदोही जवळ. भदोही आणि मिर्झापूरचा पट्टा हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथून आजोबांनी १९८३ साली हा गालिचा घेतला. सहा बाय नऊ फूट, लाल जमीन, त्यावर क्रीम आणि गडद निळी वेलबुट्टी. किती पैसे दिले ते त्यांनी आजीला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आजोबा गेले, गालिचा आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आला आणि आई-बाबांच्या बेडरूममध्ये पलंगाशेजारी पसरला गेला.

गेल्या वर्षी आईचा खोकला सुरू झाला. रात्री झोपली की खोकला, पहाटे शिंका, मग दम लागायला लागला. डॉक्टरांनी ॲलर्जीची टेस्ट केली. धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी निघाली. इनहेलर सुरू झाला. आणि डॉक्टरांनी विचारलं, "घरात कार्पेट आहे का?"

आई घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "अहो, तो गालिचा आता कुणाला तरी देऊन टाका."

बाबा काहीच बोलले नाहीत. पेपर उचलला आणि वाचायला लागले. सकाळीच वाचून झालेला पेपर.

आमच्या घरात बाबा गप्प बसले की समजायचं. आईलाही समजलं. पण तिला रात्री श्वास घेता येत नव्हता हेही खरं होतं. दोघांचंही बरोबर, आणि मध्ये चोपन्न चौरस फुटांचा गालिचा.

मी म्हटलं, "आई, मला एक महिना दे. बेडरूममधून तो आजच काढते. मी नीट धुते. तरी त्रास झाला तर तू म्हणशील तसं."

आई म्हणाली, "तू? मागच्या वेळेसारखं?"

तर आता मागची वेळ सांगते.

आधीची दोन प्रकरणं

पहिलं प्रकरण तीन वर्षांपूर्वीचं, दिवाळीच्या आधीचं. घरी येऊन कार्पेट शाम्पू करून देणारी एक सर्व्हिस बोलावली होती. दोन मुलं आली, भरपूर फेस केला, गोल ब्रशचं मशीन फिरवलं, वरवर फेस ओढून घेतला, अर्ध्या तासात गेली. गालिचा एकदम चकाचक. आणि महिन्याभरात आधीपेक्षा जास्त मळका!

तेव्हा कारण कळलं नव्हतं. आता कळतं. फेस आतच राहिला होता. साबणाचं कामच मळ धरणं. तो पाण्याबरोबर बाहेर काढला नाही तर लोकरीत चिकटपणा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पायाची धूळ तो धरून ठेवतो. म्हणजे आम्ही पैसे देऊन गालिच्याला गोंद लावून घेतला.

दुसरं प्रकरण माझं स्वतःचं. एका कोपऱ्यावर माझ्या हातून चहा सांडला. मी लगेच कढत पाणी, कपड्यांची पावडर आणि बाथरूम घासायचा कडक ब्रश घेऊन बसले. दहा मिनिटं जीव तोडून घासलं. चहाचा डाग गेला. पण लाल रंग उतरून शेजारच्या क्रीम वेलीत पसरला, ती गुलाबी झाली. आणि तिथली लोकर आवळून घट्ट झाली, स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतल्यावर आटतो तशी.

तो कोपरा आजही तसाच आहे.

असं का झालं? लोकर म्हणजे केस. आपल्या केसांसारखंच केराटिन नावाचं प्रथिन. लोकरीच्या प्रत्येक धाग्यावर बारीक खवले असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक. गरम पाणी, खारट-सोड्यासारखा साबण आणि घासाघीस हे तिन्ही एकत्र आले की ती कौलं एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. शिवाय कपड्यांच्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनाचे डाग विरघळवणारी एन्झाइम असतात. रक्ताचा, दुधाचा डाग काढायला चांगली. पण इथे गालिचाच प्रथिनाचा आहे! आणि ब्लीच तर विसराच. लोकरीचा धागा ब्लीचमध्ये ठेवला तर तो चक्क विरघळतो.

म्हणून माझा साधा नियम: जे आपल्या केसांना लावणार नाही, ते लोकरीला लावायचं नाही.

आत नेमकं असतं काय

या वेळी मी आधी वाचलं. कार्पेटमधली बहुतेक घाण ही चिकटलेली नसते. कोरडी असते. बारीक रेती, माती, कपड्यांचे तंतू, आपल्या त्वचेचे झडलेले कण. जड रेती हळूहळू खाली जाते आणि गाठींच्या मुळाशी बसते. वरून गालिचा स्वच्छ दिसतो, आणि आपण चाललो की खालची रेती सँडपेपरसारखी लोकर कापत राहते. जुने गालिचे जाण्या-येण्याच्या वाटेवर विरळ होतात ते यामुळे.

आणि माइट्स. डोळ्यांना न दिसणारे हे जीव आपल्या झडलेल्या त्वचेवर जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून घेतात. त्यामुळे दमट जागा त्यांना आवडते. ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे होते. म्हणजे माइट्स मारून उपयोग नाही, ती घाण बाहेर काढायला हवी. आणि गालिचा धुऊन नीट वाळवला नाही तर आपण माइट्सना आणि बुरशीला घर बांधून दिलं. दम्याच्या माणसासाठी ओलसर राहिलेला गालिचा मळक्या गालिच्यापेक्षा वाईट.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पूर्ण कामाचं चित्र बदललं. मला वाटायचं, धुणं म्हणजे काहीतरी भारी आत घालायचं: भारी शाम्पू, भारी केमिकल. खरं काम उलटं आहे. धूळ बाहेर काढा. साबण घातलात तर तो बाहेर काढा. पाणी घातलंत तर ते बाहेर काढा. कोडिंग करणाऱ्यांना कळेल, मेमरी घेतली की परत द्यावी लागते, नाहीतर लीक होतं. माझी आधीची दोन्ही प्रकरणं लीकचीच होती.

धुण्याआधी: तुमचं कार्पेट आहे कशाचं?

हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. म्हणून आधी पलटून मागची बाजू बघा.

मागेही पुढचीच नक्षी दिसतेय, बारीक गाठी दिसतायत, आणि टोकाच्या दशा मुख्य विणीतूनच आल्यायत? मग तो हाताने विणलेला आहे. असा लोकरीचा गालिचा, रंग पक्का असेल तर, पाण्याने धुता येतो.

मागे जाड कापड चिकटवलंय, नक्षी दिसत नाही? मग तो टफ्टेड. आत लेटेक्सचा डिंक असतो. भिजवला तर डिंक सुटतो, वास येतो, थर वेगळे होतात. हा भिजवायचा नाही. व्हॅक्युम आणि ओलसर फडकं, बस.

लेबलवर व्हिस्कोस, आर्ट सिल्क, बांबू सिल्क असं काही लिहिलंय? हात लावू नका. व्हिस्कोस भिजल्यावर कमजोर होतं, वाळल्यावर कडक आणि पिवळट होतं. तागाचं असेल तरी पाणी नको, तपकिरी डाग उठतात.

ऑनलाइन घेतलेले स्वस्त, मशीनवर विणलेले रग बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते पाणी शोषत नाहीत, रंगही सहसा जात नाही. धुवायला सगळ्यात सोपे. फक्त तेल त्यांना फार चिकटतं.

कशाचं आहे कळत नसेल तर कडेचा एक तंतू चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. जळलेल्या केसाचा वास आला आणि राख बोटाने चुरडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. कागदासारखा जळला तर सुती किंवा व्हिस्कोस. आणि हे मोठ्यांसमोरच करा, घरात लहान भावंडं असतील तर त्यांना शिकवू नका!

पहिला दिवस: पाण्याचा थेंबही नाही

एप्रिलचा दुसरा शनिवार धरला. पावसाळ्यात लोकरीचा गालिचा धुवायला काढू नका, वाळणारच नाही. फेब्रुवारी अखेर ते मे, किंवा मग ऑक्टोबरचं ऊन. आईला दोन दिवस मावशीकडे सांगलीला पाठवलं. ज्याला ॲलर्जी आहे त्याने या कामाच्या आसपासही थांबायचं नाही. बाकीच्यांनी एन-९५ मास्क लावायचा.

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडून गच्चीची परवानगी घेतली. ते म्हणाले, "पाणी किती लागेल?" मी म्हटलं, "पंधरा बादल्या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टँकर मागितलाय. शेवटी आमच्याच घरातल्या नळाचं पाणी वर न्यायचं ठरलं. बादल्या दादा उचलणार होता, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

गच्चीवर जुनी पांढरी चादर पसरली. त्यावर गालिचा उपडा टाकला, लव खाली, पाठ वर. आणि पाठीवर बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटने झोडपायला सुरुवात केली. जोरात नाही. टप टप टप, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाठीवर मारलं की मुळाशी बसलेली रेती लवेतून खाली गळते. वरून कितीही व्हॅक्युम केलं तरी ती सहज निघत नाही.

पाच मिनिटांनी गालिचा उचलला. चादरीवर करड्या रंगाच्या धुळीचा थर! चादर झटकली, परत पसरली, परत झोडपलं. असं सहा वेळा केलं, शेवटी चादरीवर जवळजवळ काही पडेना. इंजिनियरची खोड, सगळी धूळ एका पिशवीत गोळा केली आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. ६४० ग्रॅम. व्हॅक्युम केलेल्या, 'स्वच्छ' दिसणाऱ्या गालिच्यातून! (तो वजनकाटा मी नंतर घासून ठेवला. आईला हे एपिसोड ऐकून कळणार आहे. सॉरी आई.)

मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम. फिरता ब्रश असेल तर बंद करा, आणि दशांवर व्हॅक्युम नेऊ नका, त्या ओढल्या जातात. साध्या व्हॅक्युमच्या मागून बारीक धूळ परत हवेत येते, म्हणून हे बाहेर केलेलं बरं.

ही पायरी का वगळायची नाही? धूळ आत असताना पाणी ओतलं तर त्याचा चिखल होतो, आणि चिखल गाठींमधून काढणं महाकठीण.

बाबा तेवढ्यात वर आले होते. बघत उभे होते. म्हणाले, "असंच करायचो आम्ही."

मी म्हटलं, "काय?"

"क्वार्टर्सच्या अंगणात. दरवर्षी दिवाळीच्या आधी अण्णा मला आणि काकाला बोलवायचे. गालिचा उपडा टाकायचा आणि वेताच्या छडीने झोडपायचा. पाणी कधी लावू दिलं नाही त्यांनी."

मी महिनाभर व्हिडिओ बघत होते. पहिली पायरी माझ्याच घरात, पेपरच्या मागे बसलेली होती.

रंगाची परीक्षा

पांढरं सुती फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून प्रत्येक रंगावर पाच मिनिटं दाबून ठेवा. रंग फडक्यावर आला तर तिथेच थांबा, घरी धुवायचा नाही. लाल आणि गडद निळा हे मुख्य संशयित.

आमच्या लाल रंगाने मला घाबरवलं. कोमट पाण्यात फडक्यावर फिकट गुलाबी छटा आली. थंड पाण्यात परत केलं, काही नाही. म्हणजे थंड पाणी, कमी साबण, आणि पाणी एका जागी साचू द्यायचं नाही. गेल्या वेळी कढत पाण्याने काय केलं होतं ते आता पुराव्यासकट समजलं.

दुसरा दिवस: पाणी

रविवार, सकाळी साडेसहा. स्वेटर धुवायचं लिक्विड, पाच लिटर पाण्यात दोन चमचे. एवढंच. फेस बघून समाधान मानायची आपली सवय आहे, ती सोडा. जेवढा जास्त फेस तेवढ्या जास्त बादल्या नंतर.

गालिचा गच्चीच्या उतारावर पसरला, पाणी जाळीकडे वाहील असा. लवेची दिशा बघा: एका बाजूने हात फिरवला की मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं मऊ लागतं, उलट्या बाजूने खरखरीत. मऊ लागते त्या दिशेनेच मऊ ब्रश चालवायचा. गोल गोल नाही, आडवं नाही.

मग रबरी वायपर. आपला फरशीवरचं पाणी ओढायचा. तो लवेच्या दिशेने दाबून ओढला की मळकं पाणी पुढे निघतं. पहिलं पाणी चहासारखं आलं. खरंच, दुधाचा चहा. स्वच्छ पाणी ओता, वायपर ओढा. परत ओता, परत ओढा. कधी थांबायचं? निघणारं पाणी नितळ दिसलं, फेस नाही, आणि लोकर बोटांना बुळबुळीत लागत नाही, तेव्हा. आम्हाला चौदा बादल्या लागल्या. सेक्रेटरी काका, एक बादली वाचवली.

शेवटच्या बादलीत एक वाटी पांढरं व्हिनेगर. साबणाचा उरलेला खारटपणा त्याने जातो, आणि गालिच्याच्या आतले सुती धागे वाळताना पिवळट होण्याची शक्यता कमी होते. वास एका दिवसात जातो. फक्त व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हे गालिच्यालाच नाही, बाथरूमलाही लागू.

शेवटी ओळखीच्या एका मित्राचा ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्युम आणला होता, तो दोन्ही बाजूंनी फिरवला. हे सगळ्यात महत्त्वाचं मशीन. विकत घेऊ नका, मागून आणा. त्याने आणखी दीड बादली पाणी काढलं.

आणि मग आभाळ आलं

बारा वाजता प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडून त्यावर गालिचा पसरला, पाठ उन्हाकडे, म्हणजे रंग उडू नये आणि खालूनही वारा लागावा. कठड्यावर टाकू नका. भिजलेल्या गालिच्याचं वजन दुपटीच्याही वर जातं. मधोमध ताण येऊन उभे धागे तुटू शकतात, आणि खाली कुणाच्या डोक्यावर पडला तर वेगळाच एपिसोड करावा लागेल.

साडेचारला ढग. पाच वाजता गडगडाट. एप्रिलचा वळीव! मी ॲपवर बघितलं होतं, पाऊस शून्य टक्के दाखवत होतं.

दादा, बाबा, मी आणि वॉचमन काका. चौघांनी तो धूड गुंडाळला, पाण्याच्या टाकीखालच्या शेडमध्ये ओढला, आणि थेंब पडायला लागले. बाबांच्या पाठीचं दुखणं आहे. मी म्हणत होते, "बाबा, तुम्ही सोडा, तुम्ही सोडा." ते सोडेनात.

गुंडाळलेला ओला गालिचा म्हणजे बुरशीला आमंत्रण. एक-दोन दिवस तसाच राहिला तर संपलं. पाऊस थांबल्यावर रात्री आठला तो हॉलमध्ये आणला, सोफा सरकवला, परत खुर्च्या, दोन टेबल फॅन, एक सीलिंग फॅन, सगळ्या खिडक्या उघड्या. दर दोन तासांनी पलटायचा.

मी अकरा वाजता झोपायला गेले. एक वाजता पाणी प्यायला उठले तर बाबा हॉलमध्ये बसलेले. टेबल फॅन इकडून तिकडे सरकवत होते.

मी म्हटलं, "झोपा ना, मी बघते."

ते म्हणाले, "तू झोप. सकाळी तुझी मीटिंग असते." मग थोड्या वेळाने, "आईचा त्रास कमी नाही झाला तर देऊन टाकू हा. मीच देतो. धुतलेला तरी देऊ."

मी काही बोलले नाही. दुसरा फॅन थोडा वळवला.

सोमवारी दुपारपर्यंत वरून गालिचा कोरडा झाला होता. पण वरून बघून फसू नका. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल धरूनही हाताला कोरडी लागू शकते, आणि आतले सुती धागे सगळ्यात शेवटी वाळतात. कोपरा मागे दुमडून बघा. ताठ किंवा थंड लागला तर अजून ओल आहे. आमचा संध्याकाळी सहाला नीट वाळला. पाण्यातून काढल्यापासून तीस तास.

डागांचं थोडक्यात

काही सांडलं तर पहिला नियम: घासायचं नाही, टिपायचं. कडेकडून मधे या, नाहीतर डाग पसरतो.

तेल, तूप, पणतीचं तेल: वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाड थरात टाका, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्युम. तेल शोषलं जातं. पाणी नंतर.

चहा: लगेच टिपा, मग थंड पाणी आणि थोडं व्हिनेगर. गरम पाणी नाही, माझा कोपरा आठवा.

आणि आपला राष्ट्रीय डाग, हळद. वरण सांडलं, रस्सा सांडला, आणि आपण घाबरून साबण लावतो. पिवळा डाग लगेच लाल होतो! घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन खारट साबणात लाल होतं, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये हळदीचा कागद केला असेल तर आठवेल. आधी तेलकटपणा पावडरीने काढा, थंड पाण्याने टिपा, मग थोडं ऊन दाखवा. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. कुंकवाचे, रंगीत कपड्यांचे हट्टी डाग उन्हाने जात नाहीत, पण हळद बरीचशी जाते. उन्हात ठेवताना बाकीचा भाग झाकून ठेवा.

नंतरची काळजी सोपी आहे. आठवड्यातून एकदा व्हॅक्युम. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून ठेवा, म्हणजे एकाच वाटेवर झीज होत नाही. सोफ्याखालचा अंधारातला भाग महिन्यातून एकदा बघा, कसर तिथेच लागते. तिच्या अळ्या लोकर खातात आणि त्यांना न हलवलेल्या जागा आवडतात.

खर्च? लिक्विड, व्हिनेगर, मऊ ब्रश, मिळून चारशेच्या आत. वॉचमन काकांना नाश्ता. आणि मित्राला व्हॅक्युम परत करताना एक किलो आंबे.

मग आईचं काय झालं?

आई मंगळवारी आली. गालिचा हॉलमध्ये पसरलेला. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "हा लाल होता?"

आम्ही सगळ्यांनी तो इतकी वर्षं मरून रंगाचाच समजलो होतो.

खरं सांगते, आईचा खोकला गालिचा धुतल्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही. खोकला बराच कमी झालाय. पण आम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. गालिचा बेडरूममधून काढला, गादी-उशांना माइट्ससाठीची कव्हर घातली, चादरी दर आठवड्याला ६० अंशांवर धुतो, आणि आई इनहेलर आता रोज घेते, 'बरं वाटतंय' म्हणून मध्येच बंद करत नाही. एकदम चार बदल डिप्लॉय केले की कुठल्याने बग गेला ते सांगता येत नाही. कदाचित गालिच्याचा वाटा सगळ्यात छोटा असेल. म्हणून तुमच्या घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टर, मग हा एपिसोड. डॉक्टर म्हणाले काढून टाका, तर काढून टाका.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, बेडरूममध्ये नको, हॉलमध्ये ठेवून बघा, त्रास वाढला तर विचार करू. सध्या वाढलेला नाही.

परवा संध्याकाळी आई त्या गालिच्यावर बसून मेथी निवडत होती. पेपर अंथरून, अर्थात. बाबा शेजारी खुर्चीत. आई म्हणाली, "अहो, अण्णांनी हा केवढ्याला घेतला होता हो?"

बाबा म्हणाले, "अण्णांनी आईला नाही सांगितलं. मी तुला कसा सांगू?"

म्हणजे बाबांना माहितीये! चाळीस वर्षं माहितीये!

तो गुलाबी कोपरा आता टीव्ही युनिटखाली जातो. दिसत नाही, पण मला कुठे आहे ते माहिती आहे.

चला, एवढंच आजचं. तुमच्या घरात असा एखादा जुना गालिचा, सतरंजी, काहीही असेल, तर या शनिवारी फक्त एवढं करा: उपडी टाका, खाली पांढरी चादर, आणि पाठीवर हलक्या हाताने झोडपा. पाणी लगेच नको. आणि सुरू करायच्या आधी घरातल्या मोठ्यांना विचारा की ते पूर्वी काय करायचे. मी विचारलं असतं तर तो कोपरा वाचला असता.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.